ठासणीची बंदूक आणि पेनसिल्व्हेनियातले हरणांच्या शिकारीचे नियम

पेनसिल्व्हेनियात साधारणतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा जो हंगाम उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो, त्यात बंदूक वापरायची तर ती चकमकीने उडणारी ठासणीची बंदूकच असावी लागते. ज्याला इथल्या भाषेत मझललोडर म्हणतात ते, नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायचे शस्त्र कोकणातल्या माणसाला नवे नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरे सिंधुदुर्गात आजही आहेत. फरक इतकाच, की भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तर पेनसिल्व्हेनियात ती कायदेशीर आहे. मात्र हंगाम, शस्त्र आणि जागा या तिन्ही बाबींवर नियमांचा कडक पहारा आहे.

हे नियम मी दरवर्षी नव्याने वाचतो, कारण शिकारीचे परवाना-वर्ष १ जुलैला सुरू होते आणि गेल्या वर्षीचे पाठांतर या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही. त्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. चकमकीच्या हंगामाचे नियम म्हणजे शिकारी आणि राज्य यांच्यातला सौदा आहे: शिकाऱ्याने आपल्या हातातले बळ कमी करायचे आणि त्या बदल्यात राज्याने त्याला जास्त मोकळीक द्यायची.

हा हंगाम १९७४ मध्ये मर्यादित सरकारी शिकारभूमींवर सुरू झाला. अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेली लांब नळीची रायफल हा या राज्याच्या अभिमानाचा विषय आहे, आणि नियमांतली बंदुकीची व्याख्याही त्याच काळाकडे बोट दाखवते. बंदूक एकनळी हवी, तिच्या नळीचा आतला व्यास .४४ इंच किंवा त्याहून अधिक हवा, ठिणगी चकमकीच्या दगडाने पडली पाहिजे आणि एका वेळी एकच गोळी सुटली पाहिजे. भिंगाची दुर्बीण चालत नाही. केप, म्हणजे आघाताने पेटणारी छोटी टोपी, लावून उडणारी बंदूक ठासणीचीच असली, तरी या हंगामात तीही बाद ठरते. दमट हवेत रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी वाटीतली बारीक दारू, भिजते, चाप ओढल्यावर नुसताच भपकारा होतो आणि हरीण निघून जाते. हे सारे नियमकर्त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते मान्य करूनच ही व्याख्या केली आहे.

बदल्यात मिळणारी सवलत मोठी आहे. पेनसिल्व्हेनियात बिनशिंगी हरीण मारण्यासाठी एरवी त्या त्या वन्यजीव व्यवस्थापन विभागाचा वेगळा परवाना काढावा लागतो आणि तो त्याच विभागात चालतो. नाताळनंतरच्या या हंगामात मात्र, सर्वसाधारण परवान्यासोबत मझललोडरचा जोडपरवाना असेल आणि शिंगाड्या नराचा टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची परवान्याची चिठ्ठी) वापरला गेला नसेल, तर त्याच टॅगवर राज्यात कुठेही नर किंवा बिनशिंगी हरीण यांपैकी एक घेता येते. नर घेताना शिंगांच्या फाट्यांची अट कायम राहते. राज्याच्या बहुतेक भागांत एका बाजूला किमान ३ फाटे असावे लागतात, पश्चिमेकडच्या काही विभागांत मोजण्याची रीत निराळी आहे. मळभ असलेल्या संध्याकाळी झुडपांमागचे फाटे दुर्बिणीविना मोजणे किती अवघड असते, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही, याखेरीज दुसरा उपाय मला माहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये ठासणीच्या बंदुकीचा आणखी एक छोटा हंगाम असतो, पण तो केवळ बिनशिंगी हरणांसाठी असतो आणि त्यात केपच्या, आधुनिक इनलाइन (दारूच्या थेट मागून पेट देणाऱ्या) आणि दुर्बीण लावलेल्या बंदुकाही चालतात. बळ वाढले तशी मोकळीक आखडली. एका हंगामाचा नियम दुसऱ्याला लावल्याने अडचणीत येणारे लोक बहुधा इथेच चुकतात. राज्याची सीमा ओलांडल्यावर तर सगळा हिशेब बदलतो: कोलोरॅडोत मझललोडरच्या हंगामात केप चालते, परंतु दारू सुटीच भरावी लागते, वड्यांच्या रूपातली दाबलेली दारू चालत नाही आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळीही चालत नाही.

गाडीत भरलेली बंदूक ठेवता येत नाही, हा नियम सर्वांना माहीत असतो. ठासणीची बंदूक रिकामी कधी समजायची, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. पेनसिल्व्हेनियात वाटीतले रंजक काढून टाकले, किंवा केपची बंदूक असल्यास केप काढली, की कायद्याच्या दृष्टीने बंदूक रिकामी होते. नळीत दारू आणि गोळी तशीच बसलेली असते, हे विसरून चालणार नाही. कायद्याचे समाधान झाले तरी माझे होत नाही, म्हणून दिवस संपल्यावर रंजक पुसून, ठासायच्या गजाला स्क्रू लावून गोळी बाहेर काढल्याशिवाय मी बंदूक घरात नेत नाही. चाप ओढूनही बार उशिरा उडण्याची शक्यता असते. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावे.

ऑक्टोबरच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर दिसणे सक्तीचे आहे. नाताळनंतरच्या हंगामात अशी सक्ती नसली तरी मी ते घालतोच, कारण शहरांलगतच्या काही विभागांत त्याच दिवसांत इतर बंदुकांचाही हंगाम चालू असतो. परवानगी नसताना दुसऱ्याच्या वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत शिकार करता येत नाही. फिलाडेल्फिया किंवा पिट्सबर्गच्या उपनगरांत, जिथे आपल्यापैकी बरेच जण राहतात, तिथे ही एकच अट निम्मी जंगले बाद करते.

एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेले मित्र नेहमी विचारतात की बंदूक हातात धरणे तरी कायदेशीर आहे का. केंद्रीय कायदा अशा व्यक्तींना सामान्यतः बंदूक बाळगू देत नाही, पण कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद करतो. काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात पुरातन शस्त्र म्हणून बहुतांशी वगळली आहे. ती सूट राज्यांच्या कायद्यांना लागू होत नाही आणि शिकारीच्या नियमांत तर ती बंदूकच असते. तेव्हा वकिलाला विचारावे, दुकानदाराला नव्हे.

हरीण पडल्यावर ते जागेवरून हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधायचा आणि १० दिवसांच्या आत नोंद करायची. २०१२ मध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग राज्यात आढळल्यापासून ठरावीक रोगव्यवस्थापन क्षेत्रांतून डोके व पाठीचा कणा बाहेर नेण्यास बंदी आहे. न्यू जर्सीतल्या मित्रमंडळींसाठी मांस न्यायचे असेल, तर त्या राज्याचे आयातीचे नियम आधी पाहावेत आणि ते हाडांपासून सोडवूनच न्यावे.