डबे मोजून झाले

गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा

आज कॉलममधला, म्हणजे सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतला, लाल पट्टा एकदाचा दुभंगला. अर्धा भराभर खाली आला, अर्धा वरच रेंगाळत बसला. या कॉलममधून मोठा रेणू आधी बाहेर पडतो. लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरत-निघत मागून येतो. म्हणजे पुढे धावला तो फेरिटिनचा पट्टा. आणि लोह काढलेलं फेरिटिन तर पाण्यासारखं दिसतं. मग तो लाल रंग डॉक्सोरुबिसिनचाच, कर्करोगावरच्या औषधाचाच! तीन आठवड्यांत पहिल्यांदा औषध फेरिटिनच्या पोकळ पिंजऱ्याच्या सोबतीने चालताना दिसलं. लॅबमध्ये मी एकटीच होते, तरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडले.

फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची कोठी. प्रथिनाचे २४ तुकडे आपसूक जुळून पोकळ गोळा तयार होतो. बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८. तेवढ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. लाउफबर्गर यांनी १९३७ मध्ये ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं केलं होतं. आमच्या फ्रीजमधली बाटलीही घोड्याच्या प्लीहेचीच. बाटलीतलं द्रावण कडक कोऱ्या चहाच्या रंगाचं. लोह काढत गेलं की चहा फिका होत जातो आणि शेवटी डायलिसिसच्या पिशवीत नुसतं पाणी भरल्यासारखं वाटतं. लोह काढणाऱ्या थायोग्लायकोलिक आम्लाचा वास मात्र ओढणीतून जाता जात नाही.

रिकामी झालेली कोठी उघडायची तर सामू २ वर आणायचा, तुकडे सुटे होतात. त्यात औषध घालून सामू पुन्हा ७ च्या पुढे नेला की तुकडे जुळतात आणि जुळताना आसपासचं औषध आत कोंडलं जातं. सेमिनारमध्ये हे सगळं एका स्लाइडवर उरकतं. प्रत्यक्षात मागच्या मंगळवारी मी सोडिअम हायड्रॉक्साइड घाईने ओतलं आणि नळीच्या तळाशी लाल चिखल बसला. आता थेंब टाकायचा, थांबायचं, मीटरकडे बघायचं, पुन्हा थेंब. एवढं करूनही सगळे पिंजरे नीट मिटत नाहीत, काहींचा एखादा तुकडा जुळायचा राहूनच जातो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “मग करंजीच की. कड नीट दाबली नाही तर सारण तेलात.”

माणसाचं एच प्रकारचं फेरिटिन ज्या रिसेप्टरला (पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं, तो कर्करोगाच्या बऱ्याच पेशींवर भरपूर असतो. पिंजरा औषध घेऊन त्या पेशींपर्यंत पोचेल, ही या सगळ्या खटाटोपामागची आशा. घोड्याच्या प्लीहेतलं बहुतेक एल प्रकारचं, त्यामुळे माझं सध्याचं काम म्हणजे रंगीत तालीम. अक्षरशः रंगीत.

संध्याकाळी सरांना नळी दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळली (डॉक्सोला उजेड सोसत नाही) आणि म्हणाले, “आत आहे कशावरून? बाहेर चिकटलं असेल तर?” मी गप्प. बाहेर चिकटलेलं औषधही पिंजऱ्याबरोबरच खाली येणार, रंगही तोच. लोह असतं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध काळा ठिपका दिसला असता. औषधाचा कसला ठिपका दिसणार!

रिक्षात बसल्यावर आईचा रिपोर्ट आठवला. हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन मात्र ठीक. परवा ती खुशीत होती, “बघ, तुझं फेरिटिन माझ्यात भरपूर आहे.” डॉक्टरांनी मात्र ताप उतरल्यावर तपासणी पुन्हा करायला सांगितली, कारण अंगात ताप किंवा सूज असली की शरीरात लोह फारसं नसतानाही हा आकडा वाढतो. खरं तर ती तपासणी रक्तातलं प्रथिन मोजते, त्याच्या आतलं लोह नाही. डबे किती ते कळतं, डब्यात काय ते नाही. आईला हे समजावताना मी किती शहाणी झाले होते! आणि आज स्वतःचा लाल डबा बघून नाचले.

उद्या मिटलेले पिंजरे न उघडता तसेच औषधात मिसळायचे, तेवढाच वेळ ठेवायचे आणि त्याच कॉलममधून सोडायचे. तेही पुढे लालच आले, तर आजचा आनंद मागे घ्यावा लागेल. बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) करून ठेवलाय. नळीवर मार्करने ‘न उघडलेले’ लिहून ती कोल्ड रूममध्ये ठेवून आले. आईची तपासणी सोमवारी.