तीन नंबरचा बावटा आणि विजयदुर्गचा मुक्काम

मुंबई ते गोवा शिडाची फेरी ऑक्टोबरअखेर काढायची असेल, तर हवामानापायी एक दिवस जाणार हे धरूनच बेत आखावा. पाऊस परतलेला असतो, पण अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रं तयार होण्याचाही हाच काळ. 2019 चं 'क्यार' वादळ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणासमोर वाढलं. या फेरीत रत्नागिरी सोडून मालवण गाठायचं होतं. वाटेत नैर्ऋत्येकडून लांब, जड लाटा यायला लागल्या, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराही आला, बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा देणारी खूण) लागला, म्हणून बोट विजयदुर्गात घेतली.

रत्नागिरीहून विजयदुर्ग साधारण 26 सागरी मैल, विजयदुर्गहून पुढे देवगड 11 आणि मालवण 30. देवगड बंदर सुरक्षित आहे, पण वादळात गुजरात, कर्नाटकपासूनचे ट्रॉलर तिथे आसऱ्याला येतात आणि लहान बोटीला नांगरावर फिरायला जागा उरत नाही. मालवणला आत शिरायची वाट खडकांमधून आहे. खवळलेल्या समुद्रात, अंधार पडताना तिकडे जाऊच नये. विजयदुर्गला वाघोटण खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा नाही आणि आत खोली आहे. म्हणून विजयदुर्ग जुन्या काळापासून पावसाळ्यातही आसरा देणारं बंदर मानलं जातं. किल्ला खाडीच्या दक्षिण टोकावर आहे. त्याच्या पश्चिमेला पाण्याखाली खडक आणि जुनी भिंत आहे, तेव्हा तटाजवळून कोपरा कापू नका. किल्ल्याला भरपूर अंतर देऊन मगच पूर्वेला वळा.

आत तळ चिखलाचा आहे आणि नांगर चांगला धरतो, पण साखळी हिशेबाने सोडा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक साडेचार मीटरांवर जातो, इथे साधारण त्याच्या निम्मा. ओहोटीला 4 मीटर पाणी, भरतीचे अडीच मीटर आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची 1 मीटर मिळून साडेसात होतात. वादळात त्याच्या सातपट, म्हणजे साडेबावन्न मीटर साखळी हवी. एरवी पाचपट पुरते. साखळी सोडून झाली की इंजिन मागे टाकून वेग हळूहळू वाढवा आणि मिनिटभर ताण ठेवा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. त्या सरकल्या तर नांगर घसरतोय, उचलून पुन्हा टाका. साखळीला 8 ते 10 मीटर नायलॉनचा दोर बांधून धक्का त्याच्यावर घ्या. पश्चिमेचा वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध असली की बोट वाऱ्याकडे तोंड करत नाही, आडवी फिरते आणि साखळी खालच्या कण्याला अडकू शकते. हे ओहोटीच्या मधल्या दोन तासांत होतं, तेव्हा बोटीवर माणूस असलाच पाहिजे.

ट्रॉलरच्या रांगेला बोट बांधायचा मोह टाळा. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात एकमेकांना खेटून उभं होतं. एका जहाजाची आग सगळ्यांना लागली. आज भीती आगीपेक्षा घासण्याची आहे. ट्रॉलरची कड उंच आणि टणक असते, हेलकाव्यात तुमची बोट तिच्यावर आपटत राहते.

शीड नुसतं गुंडाळून थांबू नका, त्याच्याभोवती दोराचे चार-पाच फेरे घाला. वाऱ्याच्या झोताने सैल कोपरा सुटला की तासाभरात कापड फाटतं.

किनाऱ्यावर जाताना निम्मी माणसं जा. बोटीची नोंदणी, माणसांची यादी आणि ओळखपत्रं पिशवीत ठेवा, सागरी पोलीस विचारतातच. छोटी होडी धक्क्याला लांब दोराने बांधा. आखूड बांधली तर ओहोटीला ती लटकते. धक्क्यावर डिझेल मिळेल असं गृहीत धरू नका. दोन 20 लिटरचे कॅन सोबत असू द्या.

किल्ल्यात नक्की जा. तिन्ही तटबंद्या फिरायला अडीच तास लागतात. पावसात जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चपला नकोत, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. खाडीच्या बाजूच्या तटावरून नांगरलेली बोट दिसते, त्यामुळे तिथेच जास्त वेळ थांबा. 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची तुकडी त्यासाठी इथे आली होती. हेलियमचा शोध इथेच लागला असं सांगतात, पण सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची रेषा त्याआधी, 1868 च्या ग्रहणानंतर ओळखली गेली. दोन्ही गोष्टींची गल्लत फार होते. वेळ उरला तर गिर्येचं रामेश्वर मंदिर बघा. जांभा कापून केलेली त्याची उतरती वाट पावसातच खरी शोभते.

वारा पडला म्हणून लगेच निघू नका. बंदरावरचा बावटा उतरला का ते बघा आणि इन्कॉईस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटांची उंची तपासा. वारा थांबल्यावरही लाटा दिवसभर राहतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी त्यांना भिडलं की त्या उभ्या होऊन फुटतात, म्हणून भरती पूर्ण भरून पाणी थबकलं की बाहेर पडा. उजाडल्यावरच निघा. खाडीतून ओंडके वाहून येतात, तुटलेली जाळी तरंगत असतात आणि पंख्याला दोर गुंडाळला तर तोंडावरच बोट अडते. व्हीएचएफ रेडिओचा 16 नंबरचा, संकटात हाक द्यायचा चॅनल चालू ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर सुकाणूजवळ लिहून चिकटवा.