सर्व्हरची वेळ चुकलीय की फक्त टाइमझोन?

सर्व्हरवर वेळ चुकीची दिसली की लोक लगेच डेट कमांडने हाताने वेळ टाकून मोकळे होतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. आधी फरक किती आहे ते बघा ना. बरोबर पाच तास, साडेपाच तास असा पाव तासाच्या पटीत बसणारा फरक असेल तर बहुतेक वेळा घड्याळ ठीक असतं, झोन चुकलेला असतो. तीन मिनिटं बावीस सेकंद असला काहीतरी विचित्र आकडा आला तर मात्र घड्याळच सरकलंय.

कारण लिनक्सच्या आत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा एक आकडा, तोही यूटीसीमध्ये, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेल्या प्रमाण वेळेत. झोन फक्त तो आकडा दाखवायचा कसा ते ठरवतो. झोन चुकीचा ठेवून वेळ हाताने जुळवली की स्क्रीनवर सगळं छान दिसतं पण आतला आकडा बिघडलेला असतो, मग ओटीपी ॲपचा कोड चालत नाही (तो ३० सेकंदांचा असतो), नवीन सर्टिफिकेट अजून लागूच झालं नाही म्हणून एरर येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नुसती टाइमडेटसीटीएल (timedatectl) ही कमांड चालवली तरी लोकल वेळ, यूटीसी, हार्डवेअर क्लॉक, झोन आणि सिंक आहे का नाही, सगळं एकत्र दिसतं. झोन बदलायला त्यालाच सेट-टाइमझोन (set-timezone) जोडायचं आणि पुढे आशिया/कोलकाता (Asia/Kolkata) असं पूर्ण नाव द्यायचं. आयएसटी वगैरे नको, ते आयर्लंड आणि इस्रायलही वापरतात. झोन बदलल्यावर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस) रिस्टार्ट करा, आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसना बदल कळेलच असं नाही.

मी स्वतः सर्व्हर यूटीसीवरच ठेवतो. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे ते परत मागे घेतलं की लॉगमध्ये एकच तास दोनदा येतो, आणि त्या तासात काही बिघडलं असेल तर क्रम लावताना डोकं फिरतं. दाखवायची वेळ ॲपमध्ये बदलता येते की.

घड्याळ सरकलं असेल तर ते काम एनटीपीचं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या प्रोटोकॉलचं, १९८५ पासून आहे ते, यूडीपी पोर्ट १२३ वर चालतं. त्यासाठी मी क्रोनी (chrony) हा प्रोग्रॅम लावतो. थोडा फरक असेल तर क्रोनी घड्याळाचा वेग किंचित कमीजास्त करून तो भरून काढतो, एकदम उडी मारत नाही, डेटाबेस चालू असताना वेळ मागे गेलेली कुणालाच नको असते. मोठा फरक असा भरायला मात्र फार वेळ लागतो, तिथे उडीच बरी, पण क्रोनीच्या मेकस्टेप (makestep) सेटिंगमध्ये ही उडी फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही अपडेटपुरती ठेवायची. व्हर्च्युअल मशीन पॉज करून परत चालू केलं तर एकदा क्रोनीसी ट्रॅकिंग (chronyc tracking) या कमांडने फरक बघून घ्या, तिथे घड्याळ बऱ्याचदा मागे पडलेलं सापडतं.