निकालाच्या टक्क्याआधी पट बघा

परिसरातल्या सरकारी हायस्कूलांपैकी चांगलं कोणतं, असं कुणी विचारलं की मी निकालाचा टक्का बाजूला ठेवते. आधी विचारते, वर्षाच्या सुरुवातीला पटावर मुलं किती होती आणि परीक्षेला बसली किती?

समजा, एका शाळेत पटावर 100 मुलं. परीक्षेला बसली 70, पास झाली 68. निकाल 97 टक्के! दुसऱ्या शाळेत 100 पैकी 96 बसली, 84 पास झाली. निकाल 87.5 टक्के. फलकावर पहिली शाळा झळकते, पण दुसरीने 16 मुलं जास्त पार नेली. मधल्यामधे गळालेली 30 मुलं त्या 97 टक्क्यांत कुठेच दिसत नाहीत. मला याचा फार त्रास होतो.

मुलं शाळेत आली तेव्हा कुठे होती, हेही बघायला हवं. इंग्लंडमध्ये 2016 पासून ‘प्रोग्रेस 8’ हे मोजमाप आलं. प्राथमिक शाळा संपताना ज्यांची पातळी सारखी होती, अशा देशभरातल्या मुलांशी तुलना करून शाळेने किती प्रगती घडवली ते त्यात पाहतात. कच्च्या मुलांना वर आणणाऱ्या शिक्षकांना यातून निदान थोडा न्याय मिळतो.

शाळा लहान असेल तर एका वर्षाच्या आकड्यावर जाऊच नका. 20 मुलांच्या वर्गात एक नापास झालं तरी निकाल 5 टक्क्यांनी घसरतो. सलग तीन वर्षांचे निकाल मागा, आणि पटावरून कमी झालेली मुलं कुठे गेली तेही विचारा.