तेरा पाऊणे पावणेदहा

अलिबागची एक दिवसाची ट्रिप म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोप्पं काम, गेटवेवरून लाँच, मांडव्याला उतरलं की तिकिटातलीच बस, दहाच्या आसपास अलिबाग. म्हणून मालकाने २२ ज्येष्ठ नागरिक माझ्या एकटीच्या गळ्यात घातले आणि मीही बिनधास्त हो म्हटलं. आधीच्या शनिवारी स्वतः जाऊन पाहून आले होते ना! साडेदहाला चपला हातात घेऊन चालत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात, पाणी जेमतेम घोट्याला. प्रोग्रॅममध्ये टाकलं, "१०.३० किल्ला (चालत)".

जाताना मजा चालली होती. सीगल बोटीमागे लागलेले, काका लोक त्यांना कुरकुरे टाकतायत, काकू ओरडतायत की अहो बीपीच्या गोळ्या घेतल्यात का.

सव्वादहाला बीचवर पोचलो आणि माझे पायच गळाले. वाळूचा रस्ता गायब, किल्ला थेट समुद्रात उभा, तटाला लाटा. एका काकांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, पोहत जायचंय का?"

बोटी होत्या तशा, पण हलत्या बोटीत गुडघे बदललेल्या माणसांना चढवायचं उतरवायचं, छे, माझी हिंमत नाही झाली.

तेवढ्यात ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर आजींनी विचारलं, "आज तिथी काय गं?" मला काय माहीत! मोबाईलवर कालनिर्णय उघडून दिलं तर त्रयोदशी. "तेरा पाऊणे पावणेदहा," आजी क्षणात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. त्यांचं बालपण इथंच शेजारी वरसोलीला गेलेलं आणि शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, पाठ, मग काय. "तू मागच्या शनिवारी आलीस ती षष्ठी. सहा पाऊणे साडेचार, म्हणजे तुला साडेदहाला ओहोटीच मिळणार." रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं भरती पुढे सरकते, आठवड्यात ओहोटीच्या जागी बरोब्बर भरती येते. समुद्रावरच्या ट्रिपा विकून पगार घेते मी आणि हे गणित कधी कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग सगळा प्रोग्रॅम उलटा केला. आधी गावात सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी, ते गेले १७२९ साली. तिथं मी पाठ केलेलं भाषण ठोकलं, १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले वगैरे. काका म्हणाले, "त्यांनी पण तिथी बघितली नसेल." सगळे हसले, मी पण, काय करणार. मग चुंबकीय वेधशाळा बाहेरून बघितली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून यंत्रं बिघडू नयेत यासाठी १९०४ साली ती इकडे हलवली, इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. मग जेवण, सोलकढी, तिथंच डुलक्या.

पावणेतीनला परत बीचवर. पाणी खरंच ओसरत होतं. आधी काळे खडक वर आले, कालवं चिकटलेले, मग ओल्या वाळूचा पट्टा. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना घोडागाडीत बसवलं, बाकीचे पँटी वर करून निघाले. आत गणपतीचं देऊळ, चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर, आणि तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्लिश तोफा. आजींनी तोफेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लहानपणी हिच्यावर बसून मार खाल्लाय."

दुपारच्या बोटीची परतीची तिकिटं अर्थात बुडाली. संध्याकाळच्या लाँचची २३ नवीन काढली, माझ्यासकट. सोमवारी ऑफिसात खर्चाच्या फॉर्मवर "कारण" नावाचा रकाना होता, बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी "त्रयोदशी" लिहून दिलं. अजून पास झालेला नाही.