कलामाझू: मँडोलिनच्या गावात

शिकागोहून डेट्रॉइटकडे जाणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालते, इंडियानातले पोलादाचे कारखाने मागे टाकते आणि मिशिगन राज्यात शिरते. या दोन शहरांच्या साधारण मध्यावर कलामाझू लागतं. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. नावाचं हसू आपल्यालाच येतं असं नाही, अमेरिकनांनाही येतं.

माझी भाची शेजारच्या पोर्टेजला राहते. तिथे फायझरचा अवाढव्य कारखाना आहे, कोविडची लस याच कारखान्यातून ट्रक भरभरून बाहेर पडली. औषधनिर्मितीमुळे त्या भागात चार मराठी घरंही आहेत. "मावशी, बर्फात कशाला येतेस? जूनमध्ये ये, ब्लूबेरी खायला नेते," असं ती सांगत होती. पण मला हिवाळ्यातच जायचं होतं, कारण ग्रीनस्काय ब्लूग्रास हा कलामाझूचा बँड तेव्हा आपल्या गावी वाजवणार होता. जावईबापूंना हा सगळा प्रकार अगम्य होता. पुण्याहून बाई येतात, नायगारा नको म्हणतात आणि बँजो ऐकायला बसतात!

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आपल्याकडे बँजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक आणि टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते कान फोडणारं वाद्य. इथला बँजो वेगळा, गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत आलेला, चामडं ताणलेल्या गोल अंगाचा. ब्लूग्रास नावाच्या इथल्या संगीतात त्याला पाच तारा असतात आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तो इतका भरधाव वाजवतात की सूर मोजता येत नाहीत. ही तीन बोटांची तऱ्हा अर्ल स्क्रग्जने गाजवली. डिसेंबर १९४५मध्ये तो केंटकीच्या बिल मन्रो या मँडोलिनवादकाच्या बँडमध्ये आला आणि आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात ते संगीत उभं राहिलं. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार, डबल बेस. ड्रम नाहीत, वीज नाही. एका माइकभोवती उभं राहायचं, आपली पाळी आली की पुढे सरकायचं, वाजवून झालं की मागे.

आता गंमत अशी, की मन्रोचं ते जगप्रसिद्ध मँडोलिन याच कलामाझूत जन्मलं. वाद्यं बनवणारी गिब्सन कंपनी १९०२पासून इथली. पार्सन्स स्ट्रीटवरची विटांची इमारत १९१७ची. तिची उंच चिमणी अजून उभी आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने मला आधी तिथेच नेलं. या कारखान्यात लॉइड लोअर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली १९२२च्या सुमारास एफ-५ जातीची मँडोलिनं बनू लागली. व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं, वरच्या अंगाला शिंपल्यासारखा वळसा. मन्रोच्या मँडोलिनवर लोअरची सही आहे, तारीख ९ जुलै १९२३. ते त्याला फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळालं. पुढे कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं, ती मनासारखी झाली नाही, तेव्हा या गृहस्थाने खिशातला चाकू काढून माथ्यावरचं 'गिब्सन' हे नाव खरवडून टाकलं. १९८५मध्ये कुणीतरी घरात शिरून त्या मँडोलिनच्या अक्षरशः चिरफळ्या केल्या. ते पुन्हा जोडलं ते गिब्सनच्याच कारागिरांनी. तोवर कंपनी कलामाझू सोडून गेली होती, १९८४मध्ये कारखाना बंद झाला. कंपनीबरोबर नॅशव्हिलला जायला नकार दिलेल्या काही जुन्या कामगारांनी पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली.

चिमणीखाली उभी राहून मी फोटो काढत होते, उणे आठ तापमानात. भाची गाडीतून खाली उतरली नाही.

ग्रीनस्कायची सुरुवात याच गावातली, २००० सालची. पॉल हॉफमन मँडोलिन, डेव्ह ब्रुझा गिटार आणि मायकेल बाँट बँजो, हे तिघे मूळचे. मग माइक डेव्हॉल डबल बेसवर आला, त्याचं शिक्षण शास्त्रीय चेलोचं. शेवटी अँडर्स बेक डोब्रो हे गिटारचं भावंड घेऊन आला. २००६मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइडच्या ब्लूग्रास महोत्सवात बँडची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पुढच्या वर्षी मोठ्या रंगमंचाचं निमंत्रण मिळालं. तिथून नाव वाढत गेलं, पण एकदम नाही. रेडिओवर वाजलं म्हणून मोठा झालेला हा बँड नव्हे. व्हॅन, मोटेल, बार, पुन्हा व्हॅन. कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करायला श्रोत्यांना मोकळीक, आणि ते इंटरनेट आर्काइव्हवर फुकट. गाण्यांची यादी दर रात्री वेगळी, म्हणून लागोपाठ दोन रात्री तिकीट काढणारे लोक. २०१४चा अल्बम बिलबोर्डच्या ब्लूग्रास यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पुढे डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्ससारख्या साडेनऊ हजारांच्या दगडी रंगपीठावर त्यांच्या नावावर तिकिटं खपू लागली. मिशिगनमधूनच आलेला बिली स्ट्रिंग्ज आज त्यांच्याहून मोठ्या गर्दीला वाजवतो. पण ब्लूग्रासच्या वाद्यांनी रॉकची गर्दी जमवता येते हे याच राज्यातल्या या पाच जणांनी त्याच्या आधी दाखवून ठेवलं होतं.

कार्यक्रम स्टेट थिएटरला होता. हे १९२७चं नाट्यगृह म्हणजे एक थापच आहे, पण फार प्रेमाने मारलेली. जॉन एबरसन या वास्तुविशारदाने आतल्या भिंती स्पॅनिश वाड्याच्या अंगणासारख्या केल्या आणि छतावर निळं आकाश, त्यात लुकलुकणारे तारे. बाहेर बर्फ पडतंय आणि आत तुम्ही भूमध्य समुद्राकाठच्या रात्री उभे. उभे म्हणजे खरंच उभे. खुर्च्या होत्या, पण पहिल्या गाण्यालाच सगळे उठले आणि नंतर बसण्यात अर्थ उरला नाही. मी मधल्या रांगेची कड धरली होती, म्हणजे मधूनमधून गुडघ्याला आराम देता यावा.

मला तिथे काय बघायचं होतं, तर ड्रमशिवाय हे चालतं कसं. उत्तर हॉफमनच्या हातात दिसलं. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर 'धुम्' करतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला सगळ्या तारांवर एक फटका मारतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं तारांवरून जरा सैल करतो. सूर उमटायच्या आत मरतो, उरतो तो फक्त 'चक्' असा कोरडा आवाज. याला ते चॉप म्हणतात. म्हणजे ठेका मँडोलिनमध्येच दडलेला. मन्रोही हेच करायचा. फरक असा, की इथे हॉफमन मध्येच चॉप सोडून देतो. तबलजीने हात काढून घ्यावा तसं क्षणभर सगळं अधांतरी होतं, आणि मग बाँटचा बँजो खालून हळूच लय उचलतो.

एका गाण्याचा जॅम, म्हणजे उत्स्फूर्त विस्तार, वीस मिनिटांच्या आसपास चालला. पहिली काही मिनिटं अस्सल ब्लूग्रास, शहाण्यासारखं आळीपाळीने वाजवणं. मग बेकने पायाखालची बटणं दाबायला सुरुवात केली. डोब्रो हे आडवं धरून पोलादी कांबीने वाजवायचं गिटार, पोटात पत्र्याचा शंकू असतो त्यामुळे आवाज झणझणीत. त्याला इफेक्ट जोडले की इलेक्ट्रिक गिटारच्याही वरचढ किंचाळी निघते. थोड्या वेळाने मूळ चाल कुठे गेली कळेना, डेव्हॉल गज घेऊन बेसवर लांबलचक सूर ओढत होता. आणि नेमकं परतायचं कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण पाचही जण एका श्वासात मुखड्यावर आले. आमच्याकडे समेवर आल्यावर लोक मान हलवतात. इथे अख्खं थिएटर ओरडलं.

पिंक फ्लॉइड किंवा प्रिन्सची गाणीही हे लोक वाजवतात, म्हणून जुने ब्लूग्रासवाले नाकं मुरडतात. पण १९७१मध्ये निघालेल्या सॅम बुशच्या न्यू ग्रास रिव्हायव्हल या बँडने लांब केस आणि इलेक्ट्रिक बेस घेऊन हेच केलं होतं. बंडखोरीला पन्नास वर्षं झाली की तिचं घराणं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. गाण्यात मन्रोचा तो उंच, एकाकी स्वर नाही. हॉफमनचा आवाज जाडसर आहे आणि शब्द बरेचदा दारू, अपराधीपणा, उशिरा रात्री घरी न जाणं यांच्याभोवतीच फिरतात. शिवाय दिवे. पाच साधे लोक लाकडी वाद्यं घेऊन उभे आहेत आणि डोळ्यांवर जांभळे-हिरवे झोत! मला हॉफमनचा डावा हात बघायचा होता, तो धुरात बुडाला.

मध्यंतरात शेजारच्या दाढीवाल्या गृहस्थांनी विचारलं, भारतातून खास यासाठी? मी म्हटलं, आमचे विश्वमोहन भट्ट आणि तुमचे डोब्रोवाले जेरी डग्लस यांनी १९९५मध्ये एकत्र अल्बम केला होता, माझी वाट तिथून सुरू झाली. त्यांना तो माहीत होता! मग आमची गाडी झाकीरभाईंवर आली. बँजोवाला बेला फ्लेक, बेसवर एडगर मायर, बासरीवर राकेश चौरसिया आणि तबल्यावर झाकीर हुसेन, या चौघांना २०२४मध्ये दोन ग्रॅमी मिळाली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. तो माणूस बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिला. दुसऱ्या भागाची घंटा झाली तेव्हा आम्ही सात मात्रांच्या ठेक्यावर होतो.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. शिकागोहून गाडीला अडीच-तीन तास लागतात, पण बर्फात त्यावर विसंबून पुढचं विमान ठरवू नका. स्टेशन गावाच्या मध्यात आहे, स्टेट थिएटर तिथून चालत. पार्सन्स स्ट्रीटही फार लांब नाही. बिअर घेणाऱ्यांनी बेल्स या बिअर कंपनीचं इक्सेंट्रिक कॅफे चुकवू नये, बेल्सची बिअर ही १९८५पासूनची गावाची दुसरी ख्याती. जाण्याआधी आर्काइव्हवर बँडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला एक कार्यक्रम आणि अलीकडचा एक, असे दोन ऐकून जा. आणि बसायची जागा शक्यतो डाव्या-उजव्या कडेला घ्या, गुडघ्यांसाठी.