दोन टब आणि एक दांडी

मुंबईत मोठी वस्तू घ्यायची तर किमतीच्या आधी टेप निघते. फ्रिज दारातून आत येईल का, कपाट उघडल्यावर पलंगाला आपटेल का आणि मशीन मोरीच्या तोंडाशी ठेवलं तर आंघोळीला माणूस जाणार कुठून! त्यामुळे ते बुटकं, दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन मला अगदी या शहराच्या मापाचं वाटतं. जन्म मात्र त्याचा इथला नाही. हूवर कंपनीनं १९५७ साली ब्रिटनमध्ये ‘हूवरमॅटिक’ आणलं. एका टबात धुवायचं, कपडे उचलून शेजारच्या टबात पिळायचे. आपल्याकडे ते टीव्हीवरच्या जाहिरातींचं बोट धरून आलं. आल्याआल्या त्याला फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं कव्हर चढलं आणि त्यावर इस्त्रीचे कपडे, पापडाचा डबा, न वाचलेले पेपर असा संसार थाटला गेला. धुणं काढायचं म्हणजे आधी हा संसार हलवायचा.

या मशीनचा खरा पराक्रम लहान टबात आहे. धुणारा टब नुसता ढवळतो. ते काम बाईनं ब्रशनं जास्त चांगलं केलं असतं, असं आमच्या सासूबाई आजही म्हणतात. पण पिळणं? दुहेरी चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि दोघांचा सूर जमावा लागतो. तो लहान टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो. बारा सेंटिमीटर त्रिज्या धरून हिशेब केला, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त जोर येतो. पाणी भोकांतून पळतं, कपडा भिंतीला चिकटतो.

अट एकच. कपडे नीट दाबून, वर ती जाळीची चकती बसवायची. आळस करून एकीकडे जीन्स कोंबली की टब थडाथड आदळायला लागतो आणि मशीन चालत चालत दाराकडे निघतं. मग घरातला जो कोणी जवळ असेल तो धावतो, झाकण उघडतो, ब्रेक लागतो. खालच्या मजल्यावरच्या काकू पुढे जिन्यात भेटल्या की “आज काय, रविवारचं धुणं वाटतं!” एवढंच म्हणतात.

पाण्याच्या बाबतीत ते अगदी आमच्या वळणाचं. पूर्ण ऑटोमॅटिकला नळाला दाब हवा. ज्या इमारतीत महापालिकेचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळीच येतं आणि तेही आज करंगळीएवढं, तिथे ते नळाकडे डोळे लावून बसतं. याच्यात बालदीनं पाणी ओता, चालतं. आणि एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पडदे, शेवटी पायपुसणी. राहिलेल्या पाण्यानं मोरी घासायची. मशीनच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नसतं, पण घरोघरी क्रम हाच.

परदेशात या बुटक्या मशीनला जोडीदारही होता. अमेरिकेत हूवरचं चाकांचं छोटं मशीन स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी ढकलत न्यायचे आणि त्याला शोभेलसा तेवढाच ठेंगणा ड्रायर मिळायचा. तिथल्या मोठ्या ड्रायरला २४० व्होल्टची वेगळी जोडणी लागे. हा साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर भागवायचा, अर्थात सावकाश. फोटोत ती जोडी पाहिली की मला पहिल्यांदा हेवा वाटतो आणि लगेच हिशेब सुचतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान पाऊण युनिटच्या जवळपास वीज जाते. लहान टब तेवढं पाणी काही मिनिटांत, विजेच्या बिलात दिसणारही नाही इतक्या खर्चात फेकून देतो. म्हणजे आधी पिळणं, मग तापवणं. हा क्रम त्या जोडीला बरोबर कळला होता.

मुंबईत तो धाकटा भाऊ आलाच नाही. इथे लहान टबालाच सगळे ड्रायर म्हणतात आणि त्यातून निघालेले ओलसर कपडे छताजवळच्या दांडीवर काठीनं चढवतात. एरवी ते पुरतं. जुलैत नाही. सांताक्रूझला त्या एका महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवाच ओली असते. पंख्याखाली दोन दिवस फिरूनही शाळेचा गणवेश कुबट वास सोडत नाही. शेवटी सकाळी इस्त्री तापवायची आणि मोज्यांवर फिरवायची. जोडधंद्यात इस्त्री आमच्याकडे कायमची ड्रायर आहे.

तर तसला ठेंगणा ड्रायर मिळाला तर घ्यावा का? घरात हो-नाही चाललंय. अडचण विजेची नाही, वाफेची. त्यानं सोडलेला दमट वारा दहा बाय बाराच्या खोलीतच राहिला तर कपडे कोरडे आणि भिंती ओल्या. नळी खिडकीबाहेर काढावी, तर ग्रिलमध्ये एका बाजूला एसीचं धूड, दुसऱ्या बाजूला तुळस आणि मधे कांद्याची टोपली. सासूबाई म्हणतात, एसी काढा.